आजोबांचा संच बाळाला पुरत नाही: पुण्यात भाड्याने मिळणाऱ्या घरच्या वैद्यकीय साहित्याचं परीक्षण

पुण्यात घरी ऑक्सिजन लावायचा असेल तर मशीन मिळायला अडचण येत नाही. सदाशिव पेठेतल्या सर्जिकल दुकानांत विचारावं, मोठ्या दवाखान्याच्या गेटसमोर चौकशी करावी, नाहीतर फोन करावा. बहुतेक वेळा त्याच दिवशी माणूस मशीन घेऊन दारात येतो. या सोयीमुळे कितीतरी पेशंट आठवडाभर आधी घरी येऊ शकतात, हे आधीच सांगायला हवं.

अडचण वेगळी आहे. हा संच बांधला जातो आजोबांसाठी. सत्तरी ओलांडलेला, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना पेशंट, मिनिटाला दोन-तीन लिटर ऑक्सिजन लागणारा. तोच संच सहा किलोच्या बाळाच्या उशाशी आला, की मशीन गुणगुणतं, हिरवा दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं आणि बाळाला जे हवंय ते मात्र मिळत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. उपायही सोपा आहे: ऑर्डर देतानाच 'पेशंट लहान मूल आहे, वजन अमुक किलो' हे पहिलं वाक्य बोलायचं आणि खाली दिलेले सुटे भाग नाव घेऊन मागायचे.

हे लिहिलंय ते मुख्यतः दत्तक घेतलेल्या नाजूक तब्येतीच्या मुलांच्या आईवडिलांसाठी. जन्मतः हृदयात दोष असलेलं, अपुऱ्या दिवसांचं, श्वासनलिका अरुंद असलेलं किंवा गळ्यात ट्रॅकिओस्टोमीची (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली) नळी असलेलं मूल घरी येतं, तेव्हा दीड महिना घर, दहा दिवस वॉर्ड, पुन्हा घर असं चक्र वर्ष-दोन वर्षं चालतं. मशीन एकदा आणून भागत नाही. ते दर डिस्चार्जला नव्याने तपासावं लागतं, कारण मधल्या काळात बाळाचं वजन, नळीचं माप आणि ऑक्सिजनची गरज यातलं काहीतरी बदललेलं असतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

कॉन्सन्ट्रेटर म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन. ५ लिटरचं, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत फ्लो देणारं मशीन घ्या. दुकानदार 'मोठंच घ्या, पुढे उपयोगी पडेल' म्हणतात, ते ऐकू नका. १० लिटरचं मशीन जास्त आवाज करतं, जास्त वीज खातं, आणि बाळाला लागतो तेवढा कमी फ्लो त्यावर नीट मिळत नाही. ५ लिटरच्या मशीनवरही काचेच्या नळीतल्या फ्लोमीटरवर पहिली रेघ बहुधा अर्ध्या लिटरची असते. बाळाला पाव लिटर, कधी त्याच्याही निम्मा फ्लो लिहून दिलेला असतो. मग घरातली माणसं नळीत तरंगणारी गोळी शून्य आणि अर्ध्याच्या मध्ये 'साधारण' धरतात. त्या पट्ट्यात गोळीवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून 'लहान मुलांचं लो-फ्लो मीटर' असंच मागायचं. ते शून्य ते एक लिटरचं असतं आणि त्यावर बारीक रेघा असतात. वाचताना डोळे गोळीच्या पातळीवर आणायचे आणि रेघ गोळीच्या मध्यावर धरायची. काही मशीन एवढ्या कमी फ्लोला अलार्म देतात, त्यांना त्यांच्याच कंपनीचं लो-फ्लो किट लागतं. ते दुकानात नसेल तर दुसरं मॉडेल मागा. अलार्म बंद करून देतो म्हणणाऱ्या माणसाला तिथेच नाही म्हणा.

'थोडा जास्त ऑक्सिजन गेला तर काय बिघडलं?' असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. बिघडतं. हृदयाच्या पडद्याला मोठं भोक असलेल्या मुलात जादा ऑक्सिजनने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, तिकडे रक्त जास्त वाहतं आणि बाळ आणखी धापा टाकतं. शिवाय पाव लिटर समजून अर्धा लिटर दिला जात असेल, तर स्क्रीनवर आकडा छान दिसतो आणि फॉलोअपला डॉक्टर चुकीच्या माहितीवर ऑक्सिजन कमी करायचं ठरवतात.

मशीन घरी आल्यावर टेक्निशियनला लगेच जाऊ देऊ नका. ते दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग ॲनलायझर लावून ऑक्सिजनचं प्रमाण मोजायला सांगा, तेही बाळाच्या फ्लोवर. चांगल्या मशीनमधून ९० ते ९६ टक्के मिळतो. ॲनलायझरच न आणणारी सेवा आमच्या मते घेऊ नये, भाडं कितीही कमी असो. मशीन किती तास चाललंय हे त्याच्या मीटरवर दिसतं. तो आकडा बिलावर लिहून घ्या. मागचा स्पंजसारखा फिल्टर काढून पाहा, राखाडी झाला असेल तर मशीन साफ न करता पाठवलंय हे कळतं. घरी तो आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून बसवायचा. बांधकामाशेजारी राहत असाल तर तीन-चार दिवसांनी. मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर ते तापतं.

पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळायची. मशीनच्या आत जिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून ठेवतात. ओलसर हवेत मशीन दिवसेंदिवस बंद राहिलं की दाणे दमट होतात आणि शुद्धता उतरते. बाळ पंधरा दिवस ॲडमिट असेल तर शेजाऱ्यांना किंवा घरच्या कुणाला सांगून मशीन मधूनमधून अर्धा तास चालवत राहा. घरी परतायच्या आदल्या दिवशी शुद्धता पुन्हा मोजून घ्या.

नाकातली कॅन्युला, म्हणजे नाकपुड्यांत ऑक्सिजन सोडणारी दोन टोकांची नळी, संचात मोठ्यांची येते. अर्भक आणि लहान मूल अशी दोन मापं वेगळी मिळतात. कॅन्युलाची टोकं नाकपुडीचं निम्म्याहून जास्त तोंड व्यापत असतील तर ती मोठी आहे. चिकटपट्टी थेट गालावर लावली तर आठ दिवसांत साल निघते. आधी हायड्रोकोलॉइडचा (कातडी जपणाऱ्या चिकट ड्रेसिंगचा) छोटा चौकोन गालावर लावायचा, कोपरे गोल कापायचे म्हणजे कडा उचलत नाहीत, त्यावर कॅन्युला आणि वरून पट्टी. पट्टी बदलताना चौकोन तसाच राहतो, कातडी वाचते.

ऑक्सिजन येतोय की नाही ही शंका रात्री अडीच वाजता येते. तेव्हा कॅन्युलाची टोकं वाटीभर पाण्यात धरा. बुडबुडे आले तर नळी मोकळी आहे. आले नाहीत तर सगळ्यात आधी मशीनला ओलाव्यासाठी जोडलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पाहा. आटा तिरका बसला की कमी फ्लोचा बहुतेक ऑक्सिजन तिथूनच गळतो. इतक्या कमी फ्लोला ओलावा देणारी बाटली अनेकदा लागतही नाही. डॉक्टरांना विचारून ती काढली तर गळतीची एक जागा कमी होते.

वीज, गुरुवार आणि सिलिंडर

५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं. दिवसरात्र चाललं तर रोज आठ-साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. शंभर युनिटच्या आत राहणारं घर एकदम ३०० च्या पुढच्या टप्प्यात जाऊ शकतं. भाड्याबरोबर हा खर्च धरा, दुकानदार तो सांगत नाही.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. घरच्या इन्व्हर्टरवर १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-अवर होतात. प्रत्यक्षात एवढ्या लोडवर तीन तास मिळाले तरी चांगलं, तेही पंखे बंद ठेवून आणि बॅटरी नवी असेल तर. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर घुमतो आणि तापतो.

म्हणून बी-टाइप सिलिंडर जोडीला हवंच. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मोठ्यांना दोन लिटरने तो बारा तास पुरतो, बाळाला अर्ध्या लिटरने पन्नास तास. काटा निम्म्यावर आला म्हणजे निम्मा उरला, हिशोब एवढा सरळ आहे. लहान मुलाच्या बाबतीत हे सिलिंडर फार मोलाचं आहे. पण त्याच्यासोबत येणारा रेग्युलेटरही मोठ्यांच्या फ्लोचा असतो, त्यालाही वेगळं लो-फ्लो मीटर मागावं लागतं. हे जवळजवळ सगळे विसरतात आणि वीज गेल्यावर लक्षात येतं. चावी सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधून ठेवा. एक जादा वॉशर पाकिटात घालून तिथेच लटकवा, कारण जोडताना फुसफुस आवाज येतो तो बहुधा झिजलेल्या वॉशरचा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेलं हवं.

आणि देवघर. समई, निरांजन, उदबत्ती, गॅस यांच्यापासून बाळ, नळी आणि मशीन किमान तीन मीटर लांब असायला हवं. ऑक्सिजन भिनलेलं दुपटं एका ठिणगीने पेट घेतं. नाकाजवळ व्हॅसलिन, बाम, तेल लावायचं नाही. नाक कोरडं पडलं तर सलाइनचे थेंब किंवा पाण्याचा आधार असलेली जेल चालते. मालिश करायची असेल तर चेहरा सोडून, आणि हात धुतल्याशिवाय कॅन्युलाला लावू नये.

सक्शन मशीन: हे भाड्याने घेऊ नका

कफ ओढून काढणाऱ्या, संचातल्या या एका वस्तूबद्दल आमचं मत ठाम आहे. विकत घ्या. वर्ष-दोन वर्षं रोज वापरायचं यंत्र आहे, दुसऱ्याच्या कफाची बरणी घरात आणायची नाही, आणि भाड्याच्या सक्शनला बॅटरी क्वचितच असते. बाळाला घेऊन सिंहगड रोडच्या गर्दीत अडकल्यावर कफ थांबत नाही. बॅटरीचं घेता येत नसेल तर पायाने चालणारं एक गाडीत ठेवा.

दाबाचं बटण बहुतेक मशीनवर पूर्ण उघडलेलं येतं. मोठ्यांच्या मशीनचा दाब ६०० मिमी (पाऱ्याच्या मापात) आणि त्यापुढेही जातो. तान्ह्या बाळाला ८० ते १००, मोठ्या मुलाला १२० पर्यंत पुरतो. दाब ठरवायची रीत अशी: नळीचं टोक अंगठ्याने घट्ट बंद करायचं आणि काटा पाहत बटण फिरवायचं. टोक मोकळं ठेवून दाब ठरवला तर काटा खाली दिसतो आणि प्रत्यक्ष आत गेल्यावर झटका मोठा बसतो. कफात लालसर धागे दिसू लागले तर दाब किंवा खोली जास्त होतेय.

कफ ओढायच्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं, माप ट्रॅकिओस्टोमीच्या नळीच्या आतल्या व्यासावरून ठरतं, मिलिमीटरची दुप्पट म्हणजे फ्रेंच. ४ ची नळी असेल तर ८ फ्रेंचचं कॅथेटर. दुकानदार १२ आणि १४ पुढे करतात, ते आत जातच नाही किंवा सगळा रस्ता अडवतं. खोली आधीच ठरवायची: तशीच एक जादा ट्रॅकिओस्टोमीची (ट्रॅक) नळी घेऊन त्यात कॅथेटर घालायचं, टोक जेमतेम बाहेर दिसेल तिथे खूण करायची आणि त्या खुणेची पट्टी मशीनवर चिकटवायची. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, बोटांत कॅथेटर फिरवत, आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत सगळं मिळून पाच ते दहा सेकंद.

मशीन चालू आहे पण ओढत नाही, अशी तक्रार आली तर आधी बरणी आणि मोटर यांच्यामधला पांढरा गोल फिल्टर पाहा. तो ओला झाला की हवा जात नाही. बरणी दोन तृतीयांशाच्या वर भरू देऊ नका आणि मशीन तिरकं ठेवू नका. फिल्टर कायम दोन जादा हवेत. तळाशी बोटभर पाणी घालून ठेवलं की बरणी पटकन धुता येते.

पल्स ऑक्सिमीटर

बोटाला लावायचा चिमटा लहान बाळाला चालत नाही. तो सैल बसतो, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा ९७ वरून ७९ वर उड्या मारतो. पायाला गुंडाळायचा सेन्सर असलेला, अलार्मचा मॉनिटर लागतो. सेन्सरचा दिवा आणि त्याचा डोळा समोरासमोर यायला हवेत, एक तळव्याला, एक पाऊलपाठीला. वरून मोजा घाला आणि दर तीन-चार तासांनी पाय बदला, नाहीतर कातडीवर डाग पडतो. आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी नाडीची लाट ठळक, एकसारखी आहे का ते पाहायचं.

अलार्मची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून आणा. मशीन येतं तेव्हा ते बहुधा ८५ किंवा ९० ला लावलेलं असतं. ज्या मुलाचा नेहमीचा आकडाच ७५ ते ८५ आहे, म्हणजे निळसर हृदयदोषाचं शस्त्रक्रियेआधीचं मूल, त्याच्या घरी हा अलार्म रात्रभर वाजतो. तिसऱ्या रात्री कुणीतरी तो बंद करून टाकतं आणि खरी वेळ येते तेव्हा काहीच वाजत नाही.

नाकातून पोटात दूध देण्याची नळी असेल तर पीएच (आम्लता मोजायच्या) पट्ट्या संचात मिळणार नाहीत, वेगळ्या घ्या. ओढून काढलेल्या पाण्याचा पीएच ५ किंवा त्याखाली आला तर नळी पोटात आहे असं धरता येतं. हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी पद्धत बेभरवशाची आहे. साधा लिटमस पुरत नाही. बाळाला आम्लपित्ताचं औषध चालू असेल तर पीएच वर दिसू शकतो, त्या मुलाचा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा. शंका असेल तर दूध द्यायचं नाही.

सेवेबद्दल

फोन उचलणं चांगलं आहे, पोचवणं चांगलं आहे, शिकवणं मात्र कमजोर आहे. टेक्निशियन दहा मिनिटांत चालू-बंद दाखवून निघतो. त्यामुळे मशीन डिस्चार्जच्या दिवशी मागवू नका. कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ होते, बाळ सात वाजता घरी पोचतं आणि मशीन अजून वाटेत असतं. दोन दिवस आधी मागवा आणि वॉर्डने परवानगी दिली तर शेवटची एक रात्र बाळाला तिथेच घरच्या मशीनवर ठेवा. चूक निघाली तर नर्स शेजारी असते.

करारात तीन गोष्टी विचारा. मशीन बिघडलं तर बदली किती तासांत, रात्री आणि रविवारी धरून? मूल पुन्हा ॲडमिट झालं तर तेवढ्या दिवसांचं भाडं वजा होतं का? अनामत किती दिवसांत परत? दुसऱ्या प्रश्नाला काही जण आधी नाही म्हणतात, पण महिन्याऐवजी दिवसावर हिशोब लावायला सांगितलं की तयार होतात. हे तोंडी ठेवू नका. विम्याच्या बाबतीत, दवाखान्याबाहेर वापरायचं ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझर किट हे विमा नियामकाच्या ऐच्छिक वस्तूंच्या यादीत येतात, म्हणजे पॉलिसीने ते द्यायलाच हवं असं नाही. तरीही पक्कं बिल घ्या.

दत्तकाच्या घरात कागदाचा एक गुंता येतो. बाळ घरी आलेलं असतं, पण दत्तकाचा आदेश, जो सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, अजून हाती नसतो. जुन्या केसपेपरवर संस्थेने ठेवलेलं नाव, नव्यावर तुम्ही ठेवलेलं. भाड्याचा करार पालकाच्या नावाने करा, प्रिस्क्रिप्शनवर दोन्ही नावं लिहून घ्या, आणि संस्थेकडच्या वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा. बाळ दत्तक आहे हे मशीनवाल्याला सांगायचं काहीच कारण नाही. कौटुंबिक आजारांच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिणं हे अपुरं उत्तर नसतं, ते खरं उत्तर असतं, आणि ते दर ॲडमिशनला तितक्याच ठामपणे द्यायचं.

आणि बाळ. संस्थेतून, वॉर्डातून, कितीतरी अनोळखी हातांतून आलेल्या मुलाला नवं यंत्र घेऊन येणारा आणखी एक माणूस म्हणजे पुन्हा कुठेतरी नेणार अशी भीती असते. टेक्निशियनला सांगा, बाळाला हात लावायचा नाही, दाखवायचं ते बाहुलीवर. मशीन आल्यावर पहिले दोन तास बाळाला न जोडता नुसतं चालू ठेवा, आवाज कानावर पडू द्या. कॅन्युला लावताना, सक्शन करताना एक ठरलेलं वाक्य बोला आणि तेच वाक्य वॉर्डातही बोला. पट्टी बदलणं, नळी घालणं झोपायच्या जागेवर कधीच करू नका, त्यासाठी वेगळी चटई ठेवा. दवाखान्यात जाताना घरचं न धुतलेलं दुपटं बरोबर न्या. ॲडमिट असताना आईबाबांपैकी एकजण रात्री तिथे असलाच पाहिजे, आणि बाहेर जाताना 'येतो' सांगून जायचं, झोपल्यावर गुपचूप नाही.

वाटेवरची पिशवी दाराच्या खुंटीला असावी: त्याच मापाची एक आणि अर्ध्या मापाने लहान एक ट्रॅक नळी, फिती, बोथट टोकाची कात्री, तीन कॅथेटर, सलाइनच्या कुप्या, आंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची) आणि बाळाच्या मापाचा मास्क, फाइलची प्रत. १०८ ला फोन करताना 'ऑक्सिजनवरचं लहान मूल' हे आधी सांगा, पत्ता नंतर.

डॉक्टरांनी ऑक्सिजन बंद केला की भाडं वाचवायला दुसऱ्याच दिवशी मशीन परत पाठवू नका. आधी दिवसा बंद होतो, मग दुपारच्या झोपेत, रात्रीचा सगळ्यात शेवटी. ऑक्सिजनशिवाय पूर्ण रात्रीची नोंद डॉक्टरांनी पाहिली, मधे एक सर्दी निभावली, की मग फोन करा. नेताना तासांचा आकडा पुन्हा लिहा, बिलावरच्या आकड्याशेजारी सही घ्या. लो-फ्लो मीटर तुम्ही विकत घेतलेलं असेल तर ते काढून ठेवा, गडबडीत मशीनबरोबरच जातं.